‘अचानक चावला’ असं होत नाही: घरच्या कुत्र्यातली आक्रमकता ओळखायची आणि टाळायची कशी

कुत्रा चावला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आजवर कधीच असं केलं नव्हतं, अचानक चावला." खोदून विचारलं की कळतं, महिनाभर तो जेवताना जवळून कुणी गेलं की थिजत होता, पाहुण्यांनी डोक्यावर हात ठेवला की मान फिरवत होता, दोनदा गुरगुरलाही होता आणि त्याबद्दल त्याला ओरडा बसला होता. कुत्र्याने बराच आधी सांगितलेलं असतं, ते ऐकायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हा लेख पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या कुत्र्याने नुकतंच गुरगुरायला किंवा झडप घालायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी आहे. कुत्र्याने खोल जखम केली असेल किंवा तो घरातल्या लहान मुलावर धावून जात असेल, तर पायरी १ आणि ५ आजच अमलात आणा, आणि पुढचा सराव जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

काय काय लागेल

- दीड ते दोन मीटर लांबीचा साधा पट्टा. आपोआप लांब-आखूड होणारा पट्टा नको. त्यात अंतर आपल्या हातात राहत नाही, आणि कुत्रा झेपावला की त्याची बारीक दोरी बोटं कापते.
- छातीवर आणि पाठीवर अशा दोन्ही ठिकाणी कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी धडाला बसणारा पट्टा.
- बास्केट मझल, म्हणजे तोंडाला घालायची जाळीदार टोपली.
- दारात बसवायचं फाटक (बेबी गेट). कुत्र्याला त्यावरून उडी मारता येऊ नये एवढं उंच.
- त्याला मनापासून आवडणारा मऊ खाऊ, वाटाण्याएवढे तुकडे करून. रोजच्या कोरड्या दाण्यांवर हे काम होत नाही.
- एक वही.
- लसीकरणाची पुस्तिका, जुन्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची यादी.

काटेरी कॉलर, गळ्याला फास बसणारी साखळी आणि विजेचा झटका देणारा पट्टा घेऊ नका. समोरून दुसरा कुत्रा येताना गळ्याला वेदना झाली, तर ती त्या कुत्र्यामुळेच झाली असं आपला कुत्रा समजतो. आधी फक्त भीती होती, आता तिला कारणही मिळतं.

१. सर्वात आधी पशुवैद्य

वागण्यात बदल झाला की पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा. कानातला संसर्ग, किडलेला दात, खुब्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं, संधिवात, खाज, गुदग्रंथींची सूज, कमी झालेली नजर, थायरॉइडचा बिघाड यांपैकी काहीही कुत्र्याला चिडखोर करू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू येईनासं होतं आणि मागून हात लागला की तो दचकून चावतो. स्टेरॉइडसारख्या औषधांनीही काही कुत्र्यांची चिडचिड वाढते, म्हणून औषधांची यादी न विसरता न्या.

दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो. म्हणून घरी तो चालताना, जिना चढताना, झोपेतून उठताना मोबाइलवर चित्रित करा आणि ते दाखवा. "आक्रमक झालाय" एवढंच सांगून थांबू नका. "डाव्या मागच्या पायाला टॉवेल लागला की गुरगुरतो" अशी माहिती दिली तर डॉक्टर नेमकी तिथेच तपासणी करतात.

लस न झालेला किंवा कुठल्याशा जनावराने चावलेला कुत्रा एकाएकी वेगळा वागू लागला, आवाज बदलला, गिळता येईना, तोल जाऊ लागला, तर त्याच्या जवळ जाऊ नका. त्याला एका खोलीत बंद करा आणि पशुवैद्यांना फोन करा. ही रेबीजची लक्षणं असू शकतात.

"नसबंदी केली की शांत होईल" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. नसबंदीने भटकणं, अंगावर चढणं आणि नरांमधली काही भांडणं कमी होतात. भीतीतून येणारी आक्रमकता मात्र तिने हमखास कमी होत नाही, काही कुत्र्यांत ती वाढलेलीही दिसते. म्हणून निर्णय वागण्याचं मूळ कळल्यावर पशुवैद्यांशी बोलून घ्या.

२. गुरगुरण्याच्या आधीचं वाचायला शिका

अस्वस्थ कुत्रा साधारण या क्रमाने चढत जातो:

- झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला नसताना ओठ चाटणं
- मान वळवणं, अंग वळवणं, तिथून निघून जाणं
- अंग चोरणं, शेपूट पोटाशी, कान मागे
- डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं
- थिजणं: तोंड बंद, श्वास रोखलेला, अंग ताठ, नजर खिळलेली
- गुरगुरणं, दात दाखवणं
- हवेत चावणं
- चावा

सगळ्यात जास्त निसटते ती थिजण्याची पायरी, कारण ती एखाद-दोन सेकंदच टिकते आणि तिला आवाज नसतो. कुत्रा हाडूक चघळत असतो, तुम्ही वाकता, आणि त्याचा जबडा चालायचा थांबतो. "बघा, किती शांत आहे" असं वाटण्याची हीच वेळ. तिथे हात मागे घ्यायचा, सरळ उभं राहायचं आणि वळून निघून जायचं.

शेपटीवर विसंबू नका. हलणारी शेपूट म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, एवढंच कळतं. सैल अंगासकट, कमरेपासून डोलणारी शेपूट निराळी, आणि ताठ अंगावर उंच धरून थोड्या जागेत थरथरणारी शेपूट निराळी. कापलेल्या शेपटीचे, चपट्या तोंडाचे, डोळ्यांवर केस आलेले किंवा गडद काळे कुत्रे वाचायला अवघड जातात. त्यांच्या बाबतीत अंगाचा ताठरपणा आणि वजन कुठे झुकलंय ते पाहा: पुढच्या पायांवर की मागच्या.

आता या लेखातली सर्वात महत्त्वाची सूचना. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही ओरडू नका, मारू नका. शिक्षा झाली की तो गुरगुरणं सोडतो, पण त्यामागची भीती किंवा वेदना तशीच राहते. पुढच्या वेळी इशाऱ्याची पायरी गाळून तो थेट चावतो. ‘न सांगता चावणारे’ कुत्रे बरेचदा असेच घडवले गेलेले असतात. तो गुरगुरला की थांबा, अंतर वाढवा, कशामुळे झालं ते लिहून ठेवा.

३. दोन आठवडे नोंद ठेवा

प्रत्येक प्रसंगाच्या पाच गोष्टी लिहा: वेळ आणि जागा, समोर कोण किंवा काय होतं, अंदाजे अंतर, कुत्र्याने नेमकं काय केलं, शांत व्हायला किती वेळ लागला. "चिडला" असं लिहू नका. "सायकल, ७ मीटरवर थिजला, ४ मीटरवर भुंकून झेपावला, ३ मिनिटांनी खाऊ घेतला" असं लिहा. पायरी ७ मध्ये हेच आकडे लागतील.

त्या दिवशी आधी काय घडलं होतं तेही लिहा. ताण साठत जातो. सकाळी नखं कापली, दुपारी घरात ठोकाठोकी झाली, संध्याकाळी पाहुणे आले. एरवी पाहुण्यांना सहज सहन करणारा कुत्रा त्या दिवशी गुरगुरतो. अशा दिवसानंतर त्याला एक-दोन दिवस शांत जाऊ द्या: निवांत झोप, गर्दी टाळून फिरणं, वास घेत रेंगाळायला भरपूर वेळ.

४. मूळ ओळखा

नोंदवहीतून बहुधा यांपैकी एखादं चित्र उभं राहतं.

भीती हे सर्वात जास्त आढळणारं मूळ आहे. कुत्रा मोठ्याने भुंकतो, पुढे झेपावतो, म्हणून तो ‘दादागिरी’ करतोय असं वाटतं. खरं तर भुंकल्यावर समोरचा दूर जातो एवढंच तो शिकलेला असतो. जे राखावंसं वाटतं त्यावरून होणारी आक्रमकता वेगळी: ताट, हाडूक, सोफा, कधी एखादं माणूसही. पट्ट्यावर असतानाच इतर कुत्र्यांवर भुंकणारा आणि मोकळं सोडल्यावर खेळणारा कुत्रा बहुधा अडकल्यामुळे वैतागलेला असतो. फाटकापलीकडचा कुत्रा हाती लागत नाही म्हणून शेजारी उभ्या मालकालाच चावणं, हा वळलेला राग. आणि मांजर किंवा खार दिसताच आवाज न करता झेपावणं ही शिकारीची प्रेरणा. तिथे राग नसतो, म्हणून इशाराही नसतो.

‘कुत्रा घरातला म्होरक्या व्हायला बघतोय, त्याला जागा दाखवा’ ही कल्पना यादीत मुद्दामच घेतलेली नाही. तिचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. रानातले कळप मुळात आईबाप आणि त्यांची पिल्लं यांची कुटुंबं असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं. आधी त्यांच्याच लेखनातून ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द पसरला होता. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी, तर उताणं पाडून दाबून धरलेल्यांपैकी ३१ टक्क्यांनी, त्यावर कुत्रा आक्रमक झाल्याचं सांगितलं. आधीच घाबरलेल्या प्राण्याच्या तोंडाजवळ आपला चेहरा नेऊन त्याला दाबून धरणं किती धोक्याचं आहे, ते यावरून कळेल.

५. आजपासून प्रसंगच घडू देऊ नका

सराव सुरू होण्याआधीची ही पायरी लोक कमीपणाची समजतात आणि गाळतात. पण झेपावून समोरचा पळाला की कुत्र्याचा तो धडा पक्का होतो, आणि तुमचा आठवडाभराचा सराव वाया जातो.

- ताट राखत असेल तर वेगळ्या खोलीत, दार लावून जेवायला द्या.
- पाहुणे येण्याआधी त्याला फाटकापलीकडे चघळायचं काही देऊन बसवा. दाराची घंटा वाजल्यावर धावपळ करू नका.
- खिडकीतून दिवसभर भुंकत असेल तर काचेचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाका.
- फिरायला जाण्याची वेळ आणि रस्ता बदला.
- झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नका. लांबून नावाने हाक मारा.
- सोफ्यावरून ढकलू किंवा ओढू नका. खाऊ खाली टाका, तो आपणहून उतरेल.

६. मझलची सवय लावा

मझल म्हणजे बदनामी नव्हे. तो असला की तुमचा हात थरथरत नाही आणि पट्टा सैल राहतो. मात्र कापडी नळीसारखा, तोंड आवळून धरणारा मझल फिरण्यासाठी वापरू नका. त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि धाप हेच त्याचं अंग थंड ठेवण्याचं मुख्य साधन आहे. बास्केट मझलमध्ये तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून खाऊ घेता आला पाहिजे. नाकाच्या टोकापुढे बोटभर मोकळी जागा हवी.

पहिले दोन-तीन दिवस मझल वाटीसारखा हातात धरा आणि आत खाऊ ठेवा. तो आपणहून तोंड घालेल. तुम्ही मझल त्याच्या तोंडाकडे नेऊ नका. पुढे तोंड आत असताना जाळीतून एकामागून एक तुकडे देत वेळ वाढवा. मग मझलचा पट्टा नुसता मानेवर टेकवून काढा. मग एक-दोन सेकंद बांधून सोडा. पुढे ५, १०, ३० सेकंद. त्यानंतर मझल घालून घरात चार पावलं, मग दाराबाहेर. याला साधारण दोन-तीन आठवडे द्या. पंजाने काढायला लागला तर तुम्ही घाई केली आहे, एक टप्पा मागे या.

पहिल्यांदा मझल थेट इंजेक्शनच्या वेळी घातला, तर मझल दिसला की संकट, असं गणित बसतं आणि ते मोडायला फार कष्ट पडतात. शिवाय मझल घातलाय म्हणून कुत्र्याला गर्दीत नेऊ नका. चावा थांबतो, भीती थांबत नाही.

७. अंतर राखून भावना बदला

हे मुख्य काम. ज्याची भीती वाटते ते दिसलं की उत्तम खाऊ येतो, एवढं एकच समीकरण बसवायचं आहे.

नोंदवहीत थिजण्याचं अंतर ७ मीटर असेल तर १२-१५ मीटरवरून सुरुवात करा. कुत्र्याला सायकल दिसू द्या. त्याने पाहिल्यावर साधारण सेकंदाच्या आत खाऊ द्यायला लागा. सायकल दिसतेय तोवर तुकडे देत राहा, ती गेली की खाऊही बंद. एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरे.

काही दिवसांनी तो सायकल पाहून आपणहून तुमच्याकडे वळेल, ‘आता दे’ अशा नजरेने. हे लागोपाठ अनेकदा घडू लागलं की अंतर अर्धा-एक मीटर कमी करा.

चुका नेहमी त्याच होतात. एक, खाऊ आधी दाखवला जातो आणि सायकल नंतर येते. मग खाऊची पिशवीच संकटाची सूचना ठरते. क्रम नीट पाळा. दोन, कुत्रा एरवी आवडीने घेतो तो खाऊ तोंडात घेईना, तरी मालक तिथेच उभा राहतो. खाऊ नाकारणं म्हणजे अंतर फार कमी आहे, ताबडतोब मागे फिरा. तीन, एकाच दिवशी सगळंच अवघड केलं जातं. अंतर कमी केलं तर सायकल उभी असू द्या. सायकल चालती असेल तर अंतर वाढवा. चार, पट्टा ताणून धरला जातो. ताणलेला पट्टा ‘काहीतरी वाईट आहे’ असं सांगतो.

एक गोष्ट आधी घरात पाठ करून घ्या: "चल" म्हणताच तुमच्यासोबत गर्रकन मागे फिरणं आणि खाऊ मिळणं. वळणावर अचानक कुत्रा समोर आला तर हीच सवय वाचवते.

८. ताट आणि वस्तू राखणारा कुत्रा

जेवताना ताटात हात घालून ‘सवय लावणं’ आणि मधेच ताट उचलणं हे दोन्ही बंद करा. माणूस जवळ आला की जेवण जातं, ही त्याची शंका त्याने खरी ठरते.

त्याऐवजी तो जेवत असताना त्याला मुळीच फरक पडत नाही एवढ्या अंतरावरून, समजा तीन मीटरवरून, सरळ चालत जा. जाताना ताटाच्या दिशेने त्याहून चविष्ट तुकडा फेका आणि न थांबता निघून जा. एका जेवणात तीन-चार वेळा पुरे. तुम्ही येताय हे पाहून तो मान वर करून सैल अंगाने शेपूट हलवू लागला, की पाऊलभर जवळून जा. खाण्याचा वेग अचानक वाढला, ताटावर मान झुकली किंवा तो थिजला तर तुम्ही फार जवळ आला आहात.

वस्तू सोडायला शिकवताना सुरुवात त्याला फारशा न आवडणाऱ्या वस्तूने करा. "दे" म्हणा, नाकाशी खाऊ आणा, त्याने वस्तू सोडली की खाऊ द्या आणि शक्य असेल तेव्हा वस्तूही परत द्या. परत मिळते हे कळलं की सोडणं सोपं जातं. तोंडात काही धोकादायक असेल तर बोटं घालून ओढू नका. मूठभर खाऊ थोड्या अंतरावर जमिनीवर विखरा, तो तिकडे गेला की मध्ये दार लावून वस्तू उचला. एकापेक्षा जास्त कुत्रे असतील तर जेवण आणि चघळायच्या वस्तू नेहमीच वेगवेगळ्या खोल्यांत द्या.

९. मुलं आणि पाहुणे

लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तर जागा आणि लक्ष असलेला मोठा माणूस हवाच. स्वयंपाकघरातून ‘मधूनमधून बघणं’ पुरत नाही. मुलं कुत्र्याच्या उंचीला येतात, मिठी मारतात, चेहरा चेहऱ्याला लावतात. म्हणून चावा चेहऱ्यावर बसतो. मुलांना तीन गोष्टी शिकवा: जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि कोपऱ्यात गेलेल्या कुत्र्याकडे जायचं नाही, मिठी मारायची नाही, कुत्रा धावून आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून स्तब्ध उभं राहायचं.

पाहुण्यांसाठी नियम एकच: कुत्र्याकडे बघू नका, हात पुढे करू नका. त्याला यायचं असेल तर तो येईल. आला तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवून थांबा. तो अजून मागतो का, ते पाहा.

१०. पिल्लू असेल तर

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाशी सहज ओळख करून घेतं. या काळात टोपी, काठी, छत्री, चाकाची खुर्ची, वेगवेगळ्या वयाची माणसं, गाड्यांचे आवाज हे सगळं लांबून आणि खाऊसोबत दाखवा. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर कडेवर घेऊन फिरवा. त्याला हातोहात फिरवणं म्हणजे ओळख करून देणं नव्हे, त्याला मागे सरकायची मुभा हवी.

८ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नका. किती जोराने चावलं की भावंडं खेळ थांबवतात, हे ते तिथेच शिकायला लागतं. घरी त्याचे दात हाताला लागले की हात सैल सोडा, खेळ दहा-पंधरा सेकंद थांबवा आणि चावायला खेळणं द्या. संध्याकाळी वेड्यासारखं चावणारं पिल्लू बहुधा दमलेलं असतं. पिल्लांना दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते.

११. भांडण लागलं किंवा चावलाच तर

कुत्र्यांच्या भांडणात कॉलर पकडायला हात घालू नका, मालकांना चावे तिथेच बसतात. पाण्याची बादली ओता, जाड पांघरूण टाका, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा. वेगळे झाले की लगेच दार लावा.

माणसाला चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, लेप काहीही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा आणि लस झालेला असला तरी जाच. कुत्रा १० दिवस डोळ्यांखाली ठेवला जातो. पण उपचार त्या १० दिवसांसाठी थांबवायचे की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

चाव्याची तीव्रता लिहून ठेवा. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पातळ्यांची मोजपट्टी इथे उपयोगी पडते: १ झडप, पण दात लागले नाहीत; २ दात लागले, छिद्र नाही; ३ एका चाव्यात एक ते चार छिद्रं, सुळ्याच्या निम्म्याहून कमी खोल; ४ त्याहून खोल छिद्र, धरून ठेवल्याच्या किंवा झटकल्याच्या खुणा; ५ असे अनेक चावे; ६ मृत्यू. पहिल्या दोन पातळ्यांवर कुत्र्याने जबड्यावर ताबा ठेवलेला असतो आणि सुधारणेला भरपूर वाव असतो. पातळी ४ पासून पुढे घरगुती प्रयोग करू नका.

१२. मदत कुणाची घ्यावी

पशुवैद्यांमधले वर्तनतज्ज्ञ मिळाले तर सर्वात चांगलं, कारण दुखणं आणि औषध दोन्ही तेच बघतात. फ्लुओक्सेटीनसारखी औषधं काही कुत्र्यांना सरावाला उभं राहण्याइतकी शांतता देतात. परिणाम दिसायला बरेचदा चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात.

ट्रेनर निवडताना विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय देता? चुकलं तर काय करता? ‘झटका’, ‘दाबून धरणं’, ‘धाक’ असं काही ऐकू आलं तर दुसरा शोधा. ‘आठ दिवसांत बरा करतो’ अशी हमी देणारा आणि कुत्रा ठेवून घेऊन तुम्हाला बघू न देणारा, हे दोघंही टाळा.

पहिल्या भेटीला नोंदवही, तपासणीचे कागद आणि लांबून घेतलेलं चित्रण घेऊन जा. चित्रणासाठी कुत्र्याला मुद्दाम चिडवू नका. नेहमीचा दिवस, जेवण, दारातली हालचाल एवढं पुरतं. मझल आधीच सवयीचा झालेला असेल तर तोही सोबत असू द्या.